भार भिंतीवर, माल निवांत

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की बांधावर दोन ढीग दिसतात. एक हिरव्या घडांचा, दुसरा प्लास्टिकच्या रिकाम्या क्रेटचा. घड खाली टेकू नयेत म्हणून पाला अंथरलेला असतो. एक जण दांड्यापासून फण्या सोडवतो. कापलेल्या जागेतून चीक ओघळतो आणि तो सालीवर वाळला की काळा डाग पडतो, म्हणून फण्या लगेच तुरटीच्या पाण्यात सोडतात. निथळल्यावर त्या क्रेटमध्ये रचल्या जातात. एका फणीचा बुडखा दुसरीच्या सालीला टोचणार नाही, याकडे रचणाऱ्याचं सारखं लक्ष असतं. तळाला आणि फण्यांच्या मधे फोमचा पातळ कागद घालतात. क्रेट काठोकाठ भरायचा नाही, वर बोटभर जागा सोडायची. या बोटभर जागेवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पूर्वी अख्खे घड ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या वॅगनमध्ये एकावर एक रचून पाठवत. तळाशी आणि कडेला केळीचाच वाळका पाला असे. सावदा किंवा रावेरहून निघालेला माल उत्तरेत पोचेपर्यंत तळातल्या घडांनी वरच्या सगळ्यांचं ओझं आणि रस्त्याचा प्रत्येक हिसका सोसलेला असायचा. हिरव्या केळीवर हा मार पटकन दिसत नाही. सालीखालच्या पेशी फुटतात, त्यांच्यातली रसायनं विकरांच्या आणि हवेच्या संपर्कात येतात आणि हळूहळू काळी पडतात. केळी पिकून पिवळी झाली की डाग उघडा पडतो, तेव्हा माल किरकोळ विक्रेत्याच्या गाडीवर असतो. नुकसान एकाने करायचं आणि ते दिसायचं दुसऱ्याच्या हातात, अशा या व्यवहारात भाव पाडून मागितला जातो तो मात्र शेतकऱ्याला.

क्रेटने काय केलं, ते आकड्यांत बघू. फळ-भाजीच्या नेहमीच्या क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो. क्रेटचं स्वतःचं वजन पावणेदोन किलो धरू. असे पाच क्रेट एकावर एक ठेवले तर सर्वांत खालच्यावर चार क्रेटचा, म्हणजे ८७ किलोंचा भार येतो. एक धडधाकट माणूसच त्यावर उभा आहे म्हणा ना. पण खालच्या केळीला त्यातला एक ग्रॅमही सोसावा लागत नाही. वरच्या क्रेटचं बूड खालच्याच्या काठावर टेकतं, भार कोपऱ्यांतून आणि भिंतींवरच्या उभ्या फासळ्यांतून खाली उतरतो आणि थेट गाडीच्या पाट्यावर जातो. फळाने पेलायचं ते फक्त आपल्याच क्रेटमधलं वरचं फळ. मात्र क्रेट शिगोशीग भरला की हे गणित कोसळतं. वरचा क्रेट काठावर न टेकता केळीवर टेकतो आणि मग महागाचा क्रेट आणि साधी टोपली यांत काही फरक उरत नाही. मंडीत असे शीग लावलेले क्रेट बरेच दिसतात. दोन किलो जास्त बसवण्याच्या नादात वीस किलोंवर डाग पाडून घेणं हा तोट्याचा धंदा आहे, हे प्रत्येक भरणाऱ्याला समजावून सांगायला हवं.

डबा निवडताना विचारायचा पहिला प्रश्न म्हणून एवढाच: भार कुणी पेलायचा? तूरडाळ, हरभराडाळ स्वतःचा भार स्वतः पेलते. जळगावच्या डाळ मिलमधून माल गोणीत जातो, थप्पीवर थप्पी लागते आणि डाळीचं काही बिघडत नाही. तिथे क्रेट वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. कापसाला तर दाबलेलंच हवं असतं. खानदेशातल्या प्रेसिंगमधून तो १७० किलोंच्या गाठीत बांधून बाहेर पडतो. भरताची वांगी मात्र वेगळी. हिरवट पांढरी, मोठी, पातळ सालीची आणि कमी बियांची ही जळगावची वांगी (२०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं) पोत्यात कोंबली की एकमेकांवर घासून ओरखडतात आणि ओरखडलेलं वांगं भाजताना एकसारखं सोलत नाही. त्यांना क्रेटच हवा.

क्रेटच्या भिंतीला भोकं ठेवलेली असतात, तीही कामाची. कापल्यावरही केळी श्वास घेत असते, उष्णता आणि इथिलीन नावाचा वायू सोडत असते. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे पिकवण्याच्या खोलीत, माल ठेवतात तेव्हा बाहेरून हाच वायू अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ही मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला मात्र सक्त बंदी आहे. खोलीचं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास राखतात. पंख्याची हवा थप्पीच्या मधल्या क्रेटपर्यंत पोचली तरच सगळी केळी एकाच दिवशी, एकाच रंगाची पिकते. भोकांसमोर भोकं आली पाहिजेत, थप्प्यांमध्ये वीतभर वाट राहिली पाहिजे. बंद खोक्यांची भिंत रचली तर बाहेरची केळी पिवळी आणि आतली हिरवी, असा माल निघतो.

मग परदेशी जाणारी केळी पुठ्ठ्याच्या खोक्यांत का? जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीतून भौगोलिक मानांकनाची २२ टन केळी दुबईला रवाना झाली. निर्यातीची केळी जाते ती साधारण तेरा किलोंच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. कारण दुबईहून क्रेट परत येणार नाही. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो: डबा परत येणार का? क्रेट महाग असतो आणि त्याची किंमत शेकडो फेऱ्यांवर पसरली तरच परवडतो. शेत ते पॅकहाऊस, पॅकहाऊस ते पिकवण केंद्र, शिरपूरची पपई किंवा साक्रीकडचं डाळिंब जवळच्या बाजारापर्यंत, अशा फेऱ्यांत क्रेटला तोड नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. चारी दिशांना माल नेणाऱ्या गाड्या इथून जातात आणि रिकाम्या क्रेटने भरून परत येणाऱ्याही दिसतात. साधा क्रेट रिकामा असला तरी भरलेल्याइतकीच जागा खातो, म्हणजे परतीच्या भाड्यात निम्मीअधिक हवाच वाहायची. त्यावर दोन तोडगे आहेत. एक घडीचा क्रेट, ज्याच्या भिंती आत दुमडतात आणि उंची चौथाईच्या आसपास येते. दुसरा एकात एक बसणारा. एका दिशेने ठेवला की वरचा काठावर टेकतो, फिरवून ठेवला की आत उतरतो. घडीच्या क्रेटच्या बिजागऱ्या धसमुसळेपणा सोसत नाहीत. आपल्याकडच्या चढ-उताराचा वेग पाहता दुसरा प्रकार जास्त टिकतो असं माझं मत आहे.

क्रेट परत यावा म्हणून त्याच्यावर मालकाचं नाव साच्यातच उठवून घेतात, रंग ठरवून घेतात, अनामत ठेवतात. व्यापाऱ्याच्या वहीत मालाच्या हिशेबाशेजारी क्रेटचाही हिशेब असतो: किती गेले, किती आले, किती फुटले. ही वही ज्याची चोख, त्यालाच क्रेटचा धंदा परवडतो.

आता लग्नघरात येऊ. खानदेशातलं लग्नाचं जेवण म्हणजे मोठा पसारा. वरण-बट्टी, गंगाफळाची किंवा वांग्याची भाजी, भात, गोड पदार्थ, आणि हिवाळ्यात गावोगावी भरीत-भाकरीचे कार्यक्रम. पूर्वी गावातच भांडी असत. देवस्थानाची, समाजाची किंवा बिछायत केंद्राची तपेली, पराती, डवले बैलगाडीतून यायचे. ताटं-वाट्या पत्र्याच्या पेट्यांत. आज केटरर येतो तो छोट्या टेम्पोत पन्नास-साठ क्रेट आणि झाकणाचे डबे रचून. कांदे-बटाटे भोकांच्या क्रेटमध्ये, चिरलेली भाजी झाकणाच्या डब्यात, मसाले लहान डब्यांत, ग्लास खण पाडलेल्या क्रेटमध्ये.

खणांच्या क्रेटचा खरा फायदा आहे तो मोजणीचा. एका क्रेटमध्ये ग्लासांचे ठरलेले खण असतात. पंगत उठल्यावर धुवून ग्लास परत ठेवले की रिकामा खण लांबूनही दिसतो. दीड हजार पानांच्या लग्नात वाट्या-चमचे मोजत बसायला कुणाला वेळ नसतो. मोजायचं काम डबाच करतो. रात्री अडीच वाजता, अंगातलं त्राण संपलेलं असताना, मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात सामान आवरणाऱ्या वाढप्यांना याचं मोल विचारावं. हरवलेल्या भांड्यांचे पैसे पुष्कळदा त्यांच्याच मजुरीतून कापले जातात. म्हणून हा मला या सगळ्या प्रकरणातला महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

केटररकडे प्लास्टिकला कुठे जागा नाही, तेही सांगितलं पाहिजे. बट्टी उकडून, कापून तुपा-तेलात तळतात. तळणाचं तेल १७०-१८० अंशांवर असतं. क्रेट ज्याचे बनतात ते उच्च घनतेचं पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळतं आणि मऊ पडायला तर त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. झाकणाचे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. झाऱ्यातून काढलेली बट्टी किंवा भजी थेट प्लास्टिकमध्ये ओतली की तळ सुरकुततो, ओरखडे उमटतात आणि पुढे त्या ओरखड्यांत तेल आणि जंतू घर करतात. तळण स्टीलच्या परातीतच काढावं. पुऱ्यांसाठी तर बांबूची टोपली आणि खाली सुती फडकं, याहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही. वाफ बाहेर जाते, पुरी चिवट होत नाही. बुरुडांच्या हातच्या टोपल्या लग्नघरातून जवळजवळ गेल्या. निदान या एका कामासाठी त्या केटररने मुद्दाम विकत घ्याव्यात. भरिताचंही तसंच. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी गरम असतानाच झाकणाच्या डब्यात बंद केली तर वाफेचं पाणी होऊन भरीत पिचपिचीत होतं. ती सोलून लाकडी बडगीत ठेचायची आणि मग स्टीलच्या भांड्यात काढायची.

मोठ्या डब्याचा सर्वांत मोठा धोका प्लास्टिकपेक्षा खोलीचा आहे. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहावं किंवा ५ अंशांच्या खाली थंड असावं. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावला बाहेरच ४५ अंश असतात, म्हणजे मांडवातली हवाच या पट्ट्यात बसलेली असते. उरलेला भात 'सकाळी वाटू' म्हणून रात्री खोल डब्यात दाबून भरला आणि झाकण लावलं, तर मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. थर पाच सेंटिमीटरचा असेल त्याच्या तुलनेत वीस सेंटिमीटरच्या थराला चौपट नव्हे, सोळापट वेळ लागतो. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि याच कोमट वेळात जागे होतात. त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या उलट्यांमागे बऱ्याचदा असाच एखादा खोल डबा असतो. भात उथळ पराती-ट्रेमध्ये पसरून निववावा आणि मगच डब्यात भरून थंड जागी ठेवावा. तशी सोय नसेल तर त्याच रात्री वाटून टाकावा.

डबा घेताना तळ उलटा करून पाहावा. त्रिकोणात २ असेल तर उच्च घनतेचं पॉलिथिलीन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ग्लास आणि काटाचमच्याचं चिन्ह असेल तर तो अन्नासाठी बनवलेला. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकसाठी भारतीय मानकं आहेत: पॉलिथिलीनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनला आयएस १०९१०. २०१८ च्या अन्न वेष्टण नियमांनी अन्न भरायला, साठवायला पुनर्वापरित प्लास्टिक वापरण्यास मनाई केली. पुढे ठरावीक प्रक्रियेतून गेलेल्या पेट या बाटल्यांच्या प्लास्टिकला तेवढी वाट मोकळी झाली. बाजारातला काळा किंवा गडद चॉकलेटी, स्वस्त आणि उग्र वासाचा डबा बहुधा भंगारातल्या मिश्र प्लास्टिकचा असतो. गडद रंग दिला की मूळचे सगळे रंग लपतात. असा डबा नट-बोल्ट ठेवायला चालेल, पिठाला मुळीच नाही.

आणि निळे ड्रम. खानदेशात पाणी रोज येत नाही अशी गावं आणि गल्ल्या पुष्कळ. दारोदारी निळा ड्रम असतो आणि लग्नात तोच पिण्याच्या पाण्याला लावतात. हे ड्रम बरेचदा रसायनांच्या कारखान्यांतून एकदा वापरून आलेले असतात. पॉलिथिलीन वरून गुळगुळीत दिसलं तरी तेलात विरघळणारे पदार्थ त्याच्या आत शिरतात. हळदीच्या रश्शाने डबा कायमचा पिवळा होतो तो यामुळेच. आत शिरलेलं रसायन साबणाने निघत नाही, ते नंतर पाण्यात थोडं थोडं उतरत राहतं. ड्रममध्ये आधी काय होतं हे विकणारा खात्रीने सांगू शकत नसेल, तर तो पिण्याच्या पाण्याला घेऊ नये. शेतात फवारणीच्या बाटल्या वाहिलेल्या क्रेटलाही हाच नियम. त्याच्यावर रंगाचा पट्टा ओढून तो कायमचा वेगळा काढावा.

क्रेटचं पॉलिथिलीन आणि डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन, या दोन्ही प्लास्टिकचा शोध एकाच काळातला. कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये जर्मनीत कमी दाबाखाली कडक पॉलिथिलीन बनवलं. पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी तशाच उत्प्रेरकाने पॉलिप्रॉपिलीन घडवलं. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. त्याआधीचं पॉलिथिलीन इतकं लवचीक होतं की त्याच्या क्रेटवर चार क्रेट रचताच आले नसते.

दुधाच्या धंद्याने क्रेट आपल्याकडे घरोघरी ओळखीचा केला. जळगाव जिल्हा दूध संघाचं 'विकास' दूध पहाटे वितरकाच्या दारात येतं ते क्रेटमध्ये. अर्ध्या लिटरच्या वीस पिशव्या, म्हणजे दहा लिटर. तळ जाळीचा असतो, एखादी पिशवी फुटली तर दूध साचून आंबत नाही आणि क्रेट धुतल्यावर पाणी लगेच निथळतं.

कारखान्यातले डबे वेगळे. जळगावात पाइप आणि ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभा राहिला तो भवरलाल जैन यांच्या कामातून. १९८० मध्ये त्यांनी पीव्हीसी पाइप करायला सुरुवात केली, ठिबक त्यानंतर आलं. ठिबकचे ड्रिपर, जॉइनर, टोप्या असे शेकडो बारके सुटे भाग सांभाळायला समोरून तिरकं तोंड असलेले कप्पे लागतात. ते भिंतीवरच्या पट्टीला अडकवतात, हात घातला की भाग सापडतो. भुसावळच्या आयुध निर्माणीत तर १९४९ पासून दारूगोळ्याच्या वेष्टणाचं, डब्या-पेट्यांचंच काम चालत आलं आहे. स्फोटक किंवा इलेक्ट्रॉनिक मालाला साधा प्लास्टिकचा डबा चालत नाही, कारण घासला गेला की त्यावर स्थिर वीज साचते. अशा ठिकाणी धातूच्या पेट्या किंवा कार्बन मिसळलेले काळे, वीज वाहून नेणारे क्रेट वापरतात.

क्रेटचा खरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या तुटत जातात, रंग विटतो, पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते आणि एक दिवस नुसतं आपटल्यावर कोपरा तुटतो. बनवतानाच किरणरोधक मिसळलेला असेल तर आयुष्य वाढतं, तरी रिकामे क्रेट सावलीत ठेवावेत. तडकलेला क्रेट थप्पीच्या तळाशी कधीही ठेवू नये. एका कोपऱ्याने साथ सोडली की अख्खी थप्पी कलते आणि तिच्याजवळ माणूस उभा असतो.

तुटलेले क्रेट भंगारात जातात आणि तिथून दाणा करणाऱ्यांकडे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने पुष्कळ आहेत आणि जुन्या प्लास्टिकचा दाणा तिथे नित्याचा कच्चा माल आहे. पण चटई पॉलिप्रॉपिलीनची आणि क्रेट बहुधा पॉलिथिलीनचा. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, मिसळले तर धागा तुटतो. पाण्यात टाकून ते वेगळेही करता येत नाहीत, कारण दोन्ही पाण्यापेक्षा हलके, दोन्ही तरंगतात. बुडतं ते पीव्हीसी. म्हणून निवडणारे कामगार तुकडा वाकवून, नखाने खरवडून, आपटून आवाजावरून ओळखतात आणि शंका आली तर टोक जाळून वास घेतात. हा धूर त्यांच्या छातीत जातो. क्रेट बनवतानाच तळाला त्रिकोणातला आकडा ठळक आणि खोल उठवला, तर निवडताना तुकडा जाळायची वेळ फार कमी येईल. निवडलेला क्रेटचा दाणा मग सांडपाण्याच्या पाइपात, बादल्यांत, घमेल्यांत जातो आणि पुष्कळदा पुन्हा क्रेटमध्येच, पण भाजी-फळाच्या नव्हे, यंत्रांचे सुटे भाग ठेवायच्या.